पहिली नायट्रो ऑफ-रोड गाडी: आधी इंधन आणि मैदान, मग मॉडेल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण घाटकोपरला सातव्या मजल्यावर राहता, गेली दोन वर्षे १/१० मापाचा (खऱ्या गाडीच्या एक दशांश), रेडिओवर चालणारा इलेक्ट्रिक मॉडेल ट्रक चालवत आहात आणि आता पहिली नायट्रो, म्हणजे छोट्या इंधन-इंजिनावर चालणारी, ऑफ-रोड मॉडेल गाडी घ्यायची आहे. सगळे धरून ४५,००० रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. समोर दोन पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारा, दोन गिअर आणि रिव्हर्स असलेला नवा चिनी १/१० मॉन्स्टर ट्रक, किंवा डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे असलेली वापरलेली जपानी १/८ बग्गी. या दोनपैकी कोणती घ्यावी, एवढेच आपण विचारले आहे. उत्तर मात्र मी लांबून सुरू करणार आहे, कारण मुंबईत राहणाऱ्या माणसासाठी गाडीचे नाव हा या निवडीतला शेवटचा टप्पा असायला हवा.

माझ्याकडे दुरुस्तीला ज्या नायट्रो गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याचशा मोडलेल्या नसतात. त्या थांबलेल्या असतात. इंधन संपले आणि पुन्हा मिळाले नाही, क्लच बेलचे (क्लचवरच्या दातेरी वाटीचे) बेअरिंग गेले आणि त्या मापाचे सापडले नाही, सोसायटीने आवाजावरून तक्रार केली आणि दुसरी जागा नव्हती, किंवा कार्ब्युरेटरची नीडल (इंधनाचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) कधी नीट लागलीच नाही आणि मालकाचा धीर सुटला. मग गाडी माळ्यावर जाते, एक पावसाळा तिथेच काढते आणि बाहेर येते तेव्हा इंजिनमधली बेअरिंगे गंजलेली असतात. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की आपल्याला इंधन कुठून मिळेल, गाडी कुठे चालवता येईल आणि सुटे भाग किती दिवसांत हाती पडतील. या तिन्हींची उत्तरे मिळाली की गाडीची निवड बरीच सोपी होते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे विचारात घ्या. केवळ वेग हवा असेल, तर आजची १/८ ब्रशलेस इलेक्ट्रिक बग्गी चार सेलच्या लायपो बॅटरीवर बहुतेक नायट्रो गाड्यांना मागे टाकते, आवाज जवळजवळ करत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर नुसती पुसून ठेवता येते. नायट्रो घ्यावी ती इंजिनासाठी. मिश्रण लावणे, तापमान पाहणे, धुराची रेघ बघून नीडल किती फिरवायची हे ठरवणे, या कामातच ज्याला आनंद वाटतो त्याला ही गाडी मनापासून आवडते. रविवारच्या सकाळी मैदानावर तीन तास गेलात, तर त्यातला निदान एक तास तयारी, ट्यूनिंग आणि साफसफाई यांत जाईल. हे वाचून उत्साह वाढला असेल तर पुढचे सगळे आपल्यासाठी आहे.

इंधनापासून सुरुवात करू. नायट्रो इंधनात मुख्य भाग मिथेनॉलचा असतो, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल, बहुधा दोन्हींचे मिश्रण, घातलेले असते. या इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या आसपासच्या इग्नायटरने ती लाल केली जाते, आणि एकदा इंजिन चालू झाले की दाबाने निर्माण होणारी उष्णता व प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांच्यातली उत्प्रेरक क्रिया यांमुळे ती आपोआप तापलेली राहते. म्हणूनच या इंजिनात पेट्रोल किंवा रॉकेल चालत नाही, आणि म्हणूनच इंधनाचा दर्जा व मिश्रण यांचा परिणाम लगेच जाणवतो.

गाडीच्या इंधनावर १६, २०, २५ किंवा ३० टक्के असे आकडे दिसतात, ते नायट्रोमिथेनचे प्रमाण असते. पहिल्या गाडीसाठी १६ ते २५ टक्क्यांच्या दरम्यानचे, आणि तेलाचे प्रमाण १० ते १२ टक्के असलेले इंधन घ्यावे, असे माझे मत आहे. नायट्रोमिथेन वाढवले की ताकद वाढते आणि आयडल (थ्रॉटल न देता इंजिनाचे संथ चालणे) थोडे स्थिर होते, पण इंधन महाग पडते आणि प्लगवरचा ताणही वाढतो. युरोपात सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन मोकळेपणाने विकत घेता येत नाही, आणि तरीही तिथे १/८ बग्गी जोमाने चालतात. तेव्हा कमी आकडा म्हणजे कमअस्सल इंधन असे समजू नका. एक इशारा मात्र देतो. आपल्याकडे विमानांच्या मॉडेलचे ग्लो इंधन कधीकधी अधिक सहज मिळते आणि विक्रेता ‘हेच गाडीलाही चालते’ असे सांगतो. त्यात तेल १८ ते २० टक्क्यांपर्यंत आणि नायट्रोमिथेन बरेच कमी असते. इंजिन त्यावर सुरू होईल, पण आयडल नीट राहणार नाही, वळणातून बाहेर पडताना ते अडखळेल आणि नवशिक्याला दोष आपल्या ट्यूनिंगचा आहे असे वाटत राहील.

आता हिशेब करा. १/८ बग्गीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टाकीची मर्यादा १२५ सीसी आहे आणि बाजारातल्या बहुतेक बग्गींची टाकी तेवढीच असते. एक टाकी साधारण आठ ते दहा मिनिटे जाते, म्हणजे एक लिटर इंधनात तासाभरापेक्षा थोडे अधिक चालवणे होते. महिन्यातून दोन रविवार आणि प्रत्येक वेळी तासभर चालवणार असाल, तर महिन्याला दोन लिटर धरा. आपल्या विक्रेत्याचा लिटरचा दर विचारा, त्याला महिन्याच्या दोन लिटरने आणि ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांनी गुणा आणि तो आकडा गाडीच्या किमतीशेजारी लिहून ठेवा. गाडीचे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला आणखी एक विचारा: पुढचा साठा कधी येतो आणि मागच्या वेळी तो किती दिवस बंद होता. या प्रश्नाचे उत्तर त्याला सहज देता आले नाही, तर गाडीची खरेदी थांबवा.

घरी मिथेनॉल आणून मिश्रण करण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. मिथेनॉल हे तीव्र विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती याच मिथेनॉलमुळे. महाराष्ट्रात त्याच्या खरेदी-विक्रीवर विषारी पदार्थांच्या नियमांखाली बंधने आहेत आणि ती असणे योग्यच आहे. नामांकित कंपनीचे तयार, सीलबंद इंधनच घ्या आणि ते त्याच डब्यात ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते क्षणभरही ओतू नका, कारण अनेक इंधनांचा रंग सरबतासारखा गुलाबी किंवा हिरवा असतो आणि घरात लहान मूल असेल तर पुढचे सांगायला नको. स्वयंपाकघर, देवघर आणि इन्व्हर्टरजवळची जागा टाळा. उन्हापासून दूर, कुलूप लावता येईल अशा कपाटात एकच डबा ठेवा. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून गरम इंजिनावर इंधन सांडू देऊ नका आणि मैदानावर छोटे अग्निशामक, ते नसेल तर निदान पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवा. मिथेनॉल पाण्यात सहज मिसळते, त्यामुळे ही छोटी आग भरपूर पाण्याने विझते.

आणखी एक मुंबईचा प्रश्न म्हणजे वाहतूक. ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेने नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे. म्हणजे लोकलने इंधन नेता येणार नाही. रविवारी सकाळी डबे रिकामे असतात हे खरे असले, तरी शेजारी बसलेल्या माणसाला आपण कोणता धोका बरोबर आणला आहे हे माहीत नसते. मेट्रोलाही तेच लागू आहे. आपल्याकडे किंवा सोबत येणाऱ्या मित्राकडे स्वतःची चारचाकी नसेल, तर या छंदाची पहिली अडचण तीच आहे हे आताच मान्य करा. कुरिअरनेही इंधन विमानाने येत नाही. रस्त्याने पाठवणारा विक्रेता शोधावा लागतो आणि त्याला लागणारा वेळ धरून मागणी नोंदवावी लागते.

आता मैदान. नायट्रो इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि त्याचा आवाज तीक्ष्ण असतो. सोसायटीच्या आवारात तो चारही इमारतींवर आपटून घुमतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि नायट्रो गाडी ती सहज ओलांडते. गच्ची आणि पार्किंग हे दोन्ही पर्याय मनातून काढून टाका. नवे इंजिन आयडलवर रन-इन करण्यासाठीसुद्धा (सुरुवातीला हलके चालवून रुळवण्यासाठी) ते वापरू नका. शिवाजी पार्क उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले, आणि ओव्हल किंवा आझाद मैदानात सकाळी एकात एक गुंतलेले इतके क्रिकेटचे डाव चालू असतात की तिथे साडेतीन किलोची, ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकणारी वस्तू सोडणे हा बेजबाबदारपणा ठरेल. अशी बग्गी घोट्यावर आदळली तर हाड मोडते. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाचा परिसर हा जंगलाचा भाग आहे, तिथे इंजिनाचा आवाज नकोच. आक्सा किंवा गोराईचा किनारा मोकळा दिसतो, पण खारी वाळू आणि इंजिन यांचे जमत नाही. एका फेरीनंतर बेअरिंगांत मीठ उतरते आणि एअर फिल्टरमधून एक बारीक कण जरी आत गेला तरी पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी) घासून निघतात.

मग राहते काय? नवी मुंबईच्या, कल्याण-बदलापूरच्या किंवा वसई-विरारच्या बाजूला खासगी मालकीची मोकळी मुरमाची जमीन, मालकाची परवानगी घेऊन. १/८ बग्गीसाठी निदान अर्ध्या फुटबॉल मैदानाएवढी जागा हवी आणि जवळच्या घरांपर्यंत काही शे मीटर अंतर हवे. चार-पाच जणांचा गट असेल तर परवानगी मिळणे सोपे जाते, कचरा उचलून नेण्याची आणि सकाळी नऊपूर्वी इंजिन सुरू न करण्याची हमी गटाने देता येते. घाटकोपरहून अशी जागा रस्त्याने दीड तासावर असू शकते. महिन्यातून दोनदा तो प्रवास आपण खरोखर करणार आहात का, हे घरच्यांशी बोलून ठरवा. मुरमाच्या धुळीबद्दल एक सांगतो: स्पंजचा एअर फिल्टर दर वेळी धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावूनच बसवावा लागतो. कोरड्या फिल्टरने एका सकाळीतही नवे इंजिन जुने होऊ शकते. नायट्रो इंजिने अतिवेगाने जितकी मरतात त्याहून अधिक धुळीने मरतात, असे माझ्याकडे उघडली गेलेली इंजिने पाहून मी सांगू शकतो.

इंधन, वाहन आणि जागा या तिन्हींची सोय झाली असेल, तर आता गाडीकडे येऊ.

माझा सल्ला १/८ मापाची, .२१ इंजिनाची, एकाच गिअरची बग्गी घेण्याचा आहे. .२१ म्हणजे साधारण ३.५ सीसी. अनेकांना वाटते की पहिली गाडी लहान असावी, म्हणजे १/१० मापाची, .१५ किंवा .१८ इंजिनाची, अडीच ते तीन सीसीची. इलेक्ट्रिकमध्ये तो विचार बरोबर आहे. नायट्रोमध्ये लहान इंजिन अधिक नखरेल असते: नीडल किंचित इकडेतिकडे झाली तरी ते बंद पडते, लवकर थंड होते आणि लवकर तापते. .२१ इंजिन ट्यूनिंगमधली थोडी चूक सहन करते आणि आपण काय बदलले याचा परिणाम समजेल इतका वेळ देते. शिवाय १/८ बग्गीची रचना मुळातच शर्यतीसाठी झालेली असल्यामुळे ती साधी आणि भक्कम असते. जाड अ‍ॅल्युमिनियमची चॅसिस, पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफरेन्शियल, मधल्या डिफरेन्शियलवर डिस्क ब्रेक, आणि जवळजवळ सगळे स्क्रू षट्कोनी मेट्रिक मापाचे. चार चांगल्या अ‍ॅलन की घेतल्या की संपूर्ण गाडी उघडता येते.

आपण पाहिलेल्या मॉन्स्टर ट्रकमध्ये दोन गिअर आणि रिव्हर्स आहे, आणि जाहिरातीत तेच आकर्षण म्हणून दाखवले आहे. पहिल्या नायट्रो गाडीत मी हेच टाळायला सांगतो. दोन गिअर म्हणजे गिअर बदलण्याची वेळ लावणारा आणखी एक स्क्रू, आणखी एक क्लच आणि आणखी काही दाते. रिव्हर्स म्हणजे आणखी एक सर्व्हो, म्हणजे दांडा हलवणारी छोटी मोटर. इंजिन अडखळले तर दोष मिश्रणाचा, क्लचचा की गिअरचा, हे नवशिक्याला ओळखता येत नाही. एका गिअरच्या बग्गीत संशयितांची यादी फार छोटी असते. मॉन्स्टर ट्रकची खरी जमेची बाजू म्हणजे त्याची मोठी चाके उंच गवतात आणि दगडधोंड्यात चालतात. आपली जागा तशी असेल तर माझे मत बदलेल. सपाट किंवा उंचसखल मुरूम असेल तर बग्गीच.

इंजिन सुरू करण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्या. पुल-स्टार्टमध्ये दोरी ओढायची असते. वेगळे उपकरण लागत नाही, म्हणून पहिल्या गाडीला ती सोयीची. त्यात एकच काळजी घ्यायची: इंजिनात इंधन जास्त भरले गेले असेल तर पिस्टन अडतो, आणि त्यावेळी जोर लावून ओढल्यास दोरी तुटते किंवा आतले वन-वे बेअरिंग जाते. अशा वेळी ग्लो प्लग काढायचा, गाडी उलटी करायची, दोरी हळूच दोन-चार वेळा ओढून इंधन बाहेर काढायचे आणि मग प्लग पुन्हा बसवायचा. शर्यतीच्या बग्गींना पुल-स्टार्ट नसते. त्यांना खालून फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक) फिरवणारा स्टार्टर बॉक्स लागतो, आणि त्याला बॅटरी. वापरलेली बग्गी घेताना तो बॉक्स सोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागेल, हे आधी विचारा, कारण खर्चात त्याचा फरक पडतो. ट्रॅक्ससच्या गाड्यांत हातातल्या यंत्राने बटण दाबून सुरू करण्याची सोय असते आणि ती खरोखर चांगली आहे.

नवी तयार गाडी घ्यायची असेल तर क्योशोची इन्फर्नो निओ ही मी नवशिक्यांना आनंदाने सुचवतो: .२१ इंजिन, पुल-स्टार्ट आणि शर्यतीच्या इन्फर्नोशी नाते असलेली चॅसिस. होबाओ हायपरही भक्कम. पण नावापेक्षा भाग मिळण्याला महत्त्व द्या. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून थेट ६० टक्क्यांवर नेले गेले आणि रेडिओवर चालणाऱ्या वस्तूंना बिनतारी उपकरणांच्या मंजुरीचेही नियम आहेत. त्यामुळे परदेशातून स्वतः मागवलेली गाडी किंवा भाग कस्टममध्ये अडकणे ही नेहमीची गोष्ट आहे. ज्या मॉडेलचे पुढचे आणि मागचे आर्म, क्लच शू, क्लच बेल, स्पर गिअर, डॉगबोन (चाकांना फिरवणारा दांडा) आणि ग्लो प्लग देशातला विक्रेता आज, आपल्या डोळ्यांसमोर फळीवरून काढून दाखवू शकतो, तेच मॉडेल घ्या. बेअरिंगांची चिंता कमी आहे. ती प्रमाणित मापाची असतात, आणि नागदेवी स्ट्रीटवर जुने बेअरिंग नमुना म्हणून नेले तर क्लच बेलचे ५ बाय १० बाय ४ मिलिमीटरचे बेअरिंगही सापडते. रिसीव्हरसाठी (गाडीतल्या रेडिओ-ग्राहकासाठी) लागणारे निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

आपले ४५,००० पूर्ण गाडीत घालू नका. माझ्या मते त्यातला एक तृतीयांश बाजूला काढावा. त्यातून इंधन, इंधन भरण्याची बाटली, इग्नायटर आणि त्याचा चार्जर, निदान चार सुटे ग्लो प्लग, इन्फ्रारेड तापमापक, फिल्टर ऑइल, आफ्टर-रन ऑइल (चालवून झाल्यावर इंजिनात सोडायचे तेल), चांगल्या अ‍ॅलन की आणि प्लगचा पाना, पुढचे आर्म आणि क्लच बेलची बेअरिंगे घ्यावीत. तापमापक अनेक जण वगळतात. मी तो गाडीइतकाच आवश्यक मानतो. रेडिओबद्दल फार लिहीत नाही: २.४ गिगाहर्ट्झचा असावा, आणि संपर्क तुटला की ब्रेक लागेल असा फेलसेफ लावून, ट्रान्समीटर बंद करून तो खरोखर काम करतो याची खात्री चाके हवेत ठेवून करावी. कार्ब्युरेटरच्या दांड्याला परत खेचणारी स्प्रिंगही असलीच पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली की गाडी थांबते. नायट्रो गाडीच्या रिसीव्हरची बॅटरी संपली तर इंजिन चालूच राहते.

आता रन-इन, कारण इंजिनाचे आयुष्य तिथेच ठरते. या इंजिनांची स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर येताना तिथे आवळल्यासारखा अडतो, आणि इंजिन कामाच्या तापमानाला आले की स्लीव्ह प्रसरण पावून तो मोकळा होतो. म्हणून नवे इंजिन फार थंड चालवले तर पिस्टन घासला जातो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो; फार गरम चालवले तर तेलाचा थर तुटतो. सुरू करण्यापूर्वी हेड (इंजिनाचा वरचा भाग) हेअर ड्रायरने गरम करा, मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त असलेले, ठेवा, आणि पहिल्या काही टाक्या मोकळ्या मैदानात हलक्या थ्रॉटलने चालवत हेडचे तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राखा. प्रत्येक टाकीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, आणि थंड होताना पिस्टन खाली राहील असे फ्लायव्हील फिरवून ठेवा. त्यासाठी फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवली की काम सोपे होते. नंतर नीडल थोडी थोडी आत घ्या, म्हणजे इंधन कमी करत जा. एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच फिरवायची, एक फेरी मारून परिणाम पाहायचा, मगच पुढे जायचे. पूर्ण थ्रॉटलवर धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे आणि तापमान साधारण १२० अंशांच्या आत राहिले पाहिजे. लो-स्पीड नीडलसाठी (कमी वेगातले मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूसाठी) गरम इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरजवळची इंधननळी चिमटीत दाबा: दोन-चार सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडले तर ठीक, लगेच मेले तर लीन (इंधन कमी), आणि बराच वेळ चढत राहिले तर रिच.

मुंबईच्या हवेमुळे इथे एक खास सावधगिरी लागते. उष्ण आणि दमट हवेत प्राणवायू तुलनेने कमी असतो, म्हणून मे महिन्यात नीडल थोडी आत घ्यावी लागते. तीच नीडल जानेवारीच्या थंड, कोरड्या सकाळी तशीच ठेवली तर मिश्रण लीन होते आणि इंजिन तापून मरते. लोणावळ्याला किंवा पुण्याला मित्रांकडे गाडी नेलीत तर समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने मिश्रण रिच वाटेल आणि आपण नीडल आत घ्याल. धोका परतल्यावर आहे, कारण खाली मुंबईत तीच जागा लीन ठरते. घाट उतरलात की पहिल्या टाकीपूर्वी नीडल उघडा. बदललेल्या प्रत्येक स्थितीची नोंद तारीख आणि तापमानासह वहीत ठेवली तर दुसऱ्या वर्षी हे काम फार हलके होते.

जून ते सप्टेंबर गाडी बंद राहणार, हे गृहीत धरून चाला. मिथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेते. टाकीत किंवा इंजिनात राहिलेले इंधन म्हणजे पोलादी बेअरिंगांवर बसलेले पाणी. प्रत्येक दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून, उरलेले इंधन इंजिन चालवून जाळून टाका, मग कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवा. पावसाळ्यापूर्वी हे अधिक काळजीने करा, रिसीव्हरची बॅटरी काढा आणि गाडी सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या खोक्यात ठेवा. उघडलेला इंधनाचा डबा चार महिने राहू देऊ नका. मे महिन्यात तो संपेल अशा बेताने खरेदी करा.

आता डोंबिवलीची बग्गी. चिनी मॉन्स्टर ट्रकपेक्षा तीच घ्यावी या बाजूने मी आहे, पण काही अटींवर. आदल्या दिवशी फोन करून त्यांना सांगा की इंजिन थंड असतानाच पाहायचे आहे. गेल्यावर हेडला हात लावा. ते आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. प्लग लावलेला असताना फ्लायव्हील हाताने फिरवा: वरच्या टोकाला पिस्टन आवळला गेला पाहिजे. सहज, गुळगुळीत फिरून गेला तर पिस्टन आणि स्लीव्ह संपलेले आहेत आणि ते बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करा. प्लग काढून फ्लायव्हील पुन्हा फिरवा आणि खरखर लागते का ते बोटांनी पाहा. लागली तर क्रँकशाफ्टची बेअरिंगे गंजलेली आहेत. मागच्या बाजूची मुडपलेली इंधननळी, क्लच बेलचे झिजलेले दाते, डिफरेन्शियलच्या कपांत डॉगबोनने पाडलेले खड्डे, वाकलेली चॅसिस आणि शॉकमधून गळणारे तेल हे डोळ्यांनी दिसते. एअर फिल्टर उघडून कार्ब्युरेटरच्या तोंडाला बोट फिरवा: तिथे धूळ लागली तर बाकी काहीही पाहू नका, नमस्कार करून परत या. सगळे ठीक असेल तर इंजिन सुरू करायला सांगा, पाच मिनिटे चालवायला सांगा आणि गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. घासलेले इंजिन थंड असताना कसेबसे सुरू होते आणि गरम झाल्यावर दगा देते. स्टार्टर बॉक्स, सुटे भाग आणि उरलेले प्लग किमतीत धरून मागा. त्या मॉडेलचे नाव आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक मला कळवलात, तर त्याचे भाग इथे कुणाकडे मिळतात ते मी सांगेन. तोपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.